पंगत कोणाची, आणि ज्योत्स्नाची दाढ

ज्योत्स्ना गुल्हानेनं नागपूरच्या कंपनीकडून फ्लॅट घेतला, हे सिंदी रेल्वे गावात सगळ्यांना माहीत आहे. मनीषनगरात, वरच्या माळ्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत. लिफ्ट किराणा दुकानात जोडली गेली, बाल्कनी पिठाच्या चक्कीवर, आणि गोष्ट स्टेशनपर्यंत पोचेस्तोवर त्या बाल्कनीत झोपाळाही टांगून झाला होता. पुरावा काय, तर ती घडीघडी नागपूरच्या गाडीत चढताना दिसते आणि गाडीत कोणाशी बोलत नाही. ज्याच्याजवळ लपवायला काही नसतं तो गाडीत बोलतो, हा सिंदीचा कायदा आहे.

खरी गोष्ट अशी की तिची खालची दाढ किडली होती. नागपूरला ती दाताच्या डॉक्टरकडे जात होती, आणि गाल सुजल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं.

यावर माणसं दुसरा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. मेडिकल कॉलेजची सावंगी एवढी जवळ, तिथं दात पाहणाऱ्यांची काय कमी, मग नागपूर काऊन? तर ज्योत्स्ना आधी तिकडंच गेली होती, एका लहानशा दवाखान्यात. खुर्चीत आडवी झाली, आ केला, शिकाऊ डॉक्टर पोरानं आरसा आत घातला आणि दाढेकडं बघता बघता गोडीत विचारलं, "मॅडम, तुम्ही पंगतवाल्या मॅडमच न? मग त्या लायसनले सहमत काऊन नाई होऊन राह्यल्या?"

तोंडात आरसा, गालात कापूस, डोळ्यांवर दिवा. स्वतःची बाजू मांडायला याहून वाईट जागा माणसाला मिळणार नाही. ज्योत्स्नानं घशातून जो आवाज काढला तो पोरानं "दुखते वाटते" असा घेतला आणि सुई आणायला गेला. त्यानंतर तिनं नागपूर धरलं. तिथल्या डॉक्टरला पंगत म्हणजे लग्नातली पंगत एवढंच ठाऊक होतं.

तिची पंगत म्हणजे एक सॉफ्टवेअर. सावंगीच्या एका गल्लीत कौशल्याबाईंची मेस आहे. जेवायला सगळी डॉक्टरकी शिकणारी पोट्टी, म्हणजे पोरं. या पोट्ट्यांची एक खोड अशी, की उद्या जेवणार की नाही हे ती कधीच सांगत नाहीत. एक दिवस पातेलंभर भात गाईंपुढं जातो, दुसऱ्या दिवशी शेवटच्या टेबलावर वरण पातळ करत करत त्याचं पाणी होतं. कौशल्याबाईंचा मुलगा धीरज वर्ध्याच्या एका कॉलेजात ज्योत्स्नाच्या हाताखाली कॉम्प्युटर शिकत होता. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा, म्हणून वाचनालयाच्या पुस्तकांचं काहीतरी घेऊन आला. तिनं त्याला सांगितलं, आधीची सगळी पोरं हेच करून गेली, वाचनालयात माणूस नाही पण त्याची सॉफ्टवेअरं पोत्यानं आहेत. तू घरी आईची कटकट ऐकतोस न, तिचं काहीतरी कर.

त्यातून पंगत झाली. पोट्ट्यानं फोनवर उद्या आहे की नाही ते दाबायचं, सकाळी मेसवालीला ताटांचा आकडा दिसतो. धीरजनं सांगाडा उभा केला. त्याच्या वर्गातल्या मेघानं हिशेबाची बाजू सांभाळली. अंकित नावाचा मेसमध्येच जेवणारा एक होतकरू डॉक्टर होता, त्यानं फोनवरचं दिसणं नीट केलं. आणि ज्योत्स्नानं स्वतः बसून लिहिला तो अंदाजाचा भाग. बटण दाबायला जे विसरतात, म्हणजे जवळपास सगळेच, त्यांचं ताट धरायचं की नाही ते हा भाग ठरवतो. गुरुवार कोण करतं, चतुर्थीला चंद्र निघाल्यावर कोण जेवायला उगवतं, परीक्षेच्या हप्त्यात कोण पोळ्या सोडून नुसता भात हाणतं, हे सगळं तो हळूहळू शिकतो. लेकराचं कौतुक करावं तसं ती या भागाचं कौतुक करते, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडला तरी तिच्या ते ध्यानात येत नाही.

सगळं त्यांनी मुक्त ठेवलं. मुक्त म्हणजे नुसतं फुकट नाही. आतली सगळी मांडणी कोणीही उघडून बघावी, हवी तशी बदलावी, दुसऱ्याला द्यावी, त्यावर धंदासुद्धा करावा. बदलून दुसऱ्याला दिलं तर ते बदलही असेच उघडे द्यायचे, एवढी एकच अट. ही अट आणि ही मोकळीक ज्या कागदावर लिहिलेली असते तो लायसन. धीरजला घेऊन ज्योत्स्ना मेसमेस फिरली, तेव्हा प्रत्येक ओट्यापाशी उभं राहून वर्गातल्या आवाजात तेच बोलली: "काकू, हे कोणाच्या मालकीचं नाई. वापरा, बदला, बहिणीले द्या. कोणाले विचाराचं काम नाई."

वाक्य सोपं होतं आणि फुकटात मिळत होतं, त्यामुळं लोकांनी धरून ठेवलं. गोंदियाच्या एका वसतिगृहानं पंगत घेतली, एका देवस्थानाच्या प्रसादालयानं घेतली, आणि ज्योत्स्नाला कधी न भेटलेली माणसं तिला ईमेल करून विचारू लागली की आमच्याकडं सोमवारी अर्धं गाव उपाशी असते, ते कुठं टाकायचं.

मग नागपूरच्या एका कंपनीनंही घेतली. नाव बदललं, रंग बदलला, भाजीचा फोटो दिसायची सोय केली आणि आपल्या मशिनीवर चालवून मेसवाल्यांना महिन्यानं विकू लागली. आतला माल कोणाला देतच नव्हती, नुसता चालवून दाखवत होती. त्यामुळं बदल उघडे करायची अट तिला लागतच नव्हती. ही पळवाट जुन्या लायसनमध्ये होती आणि ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती, ज्योत्स्नाच्याही नाही. कंपनीचा माणूस सावंगीतही आला. कौशल्याबाईंच्या समोरच अनुसयाबाईंची मेस आहे, तिथं त्यानं हा माल लावून दिला. आता कौशल्याबाईंकडची पोट्टी फोनवर वांग्याच्या भाजीचा तर्रीदार फोटो बघून रस्ता ओलांडायला लागली. आपल्या लेकानं बनवलेली वस्तू समोरच्या दारात आपलंच गिऱ्हाईक ओढून राह्यली, हे कौशल्याबाईंनी ज्या दिवशी पाहिलं त्या दिवशी धीरज रात्रीचा जेवला नाही, असं त्या स्वतः सांगतात. मग पुढं हेही सांगतात की दुपारी त्यानं दाबून खाल्लं होतं.

धीरजनं नवा लायसन लिहिला. पंगतीचा व्यापारी वापर करायला मनाई. घरगुती, लहान मेस तेवढ्या चालतील. आता या कामाची एक रीत आहे. ज्यानं ज्यानं थोडंसंही लिहिलं, त्याच्या तेवढ्या तुकड्यावर त्याचा हक्क राहतो, म्हणून लायसन बदलायचा तर प्रत्येकानं "सहमत" म्हणायला हवं. चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धीरजनं तो मजकूर टाकला. मेघानं पुण्याहून लगेच सहमत लिहिलं, वर आपली कारणं मुद्देसूद मांडली. अंकित तोवर डॉक्टर होऊन गडचिरोलीकडं नोकरीला लागला होता. त्याचं उत्तर आवाजी आलं, मागं कोंबडा ओरडत होता, आणि त्यात तो आधी धीरजचं बरोबर म्हणाला, मग मॅडमचंही ऐकलं पाहिजे म्हणाला, आणि शेवटी सहमत म्हणाला. अंकितचं हे नेहमीचं आहे. त्याच्याशी जो शेवटी बोलतो त्याचा तो असतो.

ज्योत्स्नानं सहमत लिहिलं नाही.

तिला कंपनीचा पुळका नव्हता. उलट पहिला पर्याय तिनंच सुचवला होता: पळवाट बुजवणारा दुसरा मुक्त लायसन आहे, नुसतं चालवून दाखवलं तरी बदल उघडे करा म्हणणारा, तो लावू. कंपनीला मग एकतर फोटोची सोय सगळ्यांना द्यावी लागेल नाहीतर पुढची पंगत सोडावी लागेल. धीरजचं म्हणणं, तरीही ते विकतच राहतील. तिचं म्हणणं, विकू दे न, विकायला आपणच हो म्हटलं होतं. धीरज म्हणायचा, "लॉजिकली बघा मॅडम." तो आता एका बँकेच्या कामावर होता आणि प्रत्येक वाक्य लॉजिकलीपासून सुरू करायचा, त्याच्यापुढं जे यायचं त्यात लॉजिक असेलच असं नाही. ज्योत्स्ना मोठमोठे संदेश टाइप करायची, त्यावर मेघाचा अंगठा यायचा. त्या अंगठ्याचा अर्थ पटलं असा होता की वाचलं असा की बस झालं असा, हे तिला आजवर कळलेलं नाही.

घरी तरी कोण ऐकणार. तिचे वडील वासुदेवराव यांचं सिंदीत सरकी-ढेपेचं दुकान आहे. ढेप म्हणजे तेल काढून उरलेली सरकी, गुराढोरांचं खाणं. जन्मभर ढेप विकलेल्या माणसाला लेकीचं हे खातं कधीच उमगलं नाही. "फुकट द्याचं," ते म्हणायचे, "आन वरून भांडण इकत घ्याचं. असा धंदा म्या जल्मात पाह्यला नाई." ती म्हणायची, बाबा, तुमची ढेप एकानं नेली की दुसऱ्याले उरत नाई, हे नेलं तरी उरते. वासुदेवराव विचारायचे, उरते तर मग भांडून काऊन राह्यले? याचं उत्तर ज्योत्स्नाकडं होतं, पण ते अर्ध्या तासाचं होतं आणि गिऱ्हाईक यायचं.

खोटं कशाला सांगा, तिच्याशी बोलणं सोपं नाही. तिला एक सवय आहे. काही बिघडलं, की बिघडवणाऱ्याकडं न बघता भिंतीकडं बघून ती म्हणते, "मी बोलली होती." गॅस संपला, मी बोलली होती. गाडी चुकली, मी बोलली होती. भाची तापानं फणफणली होती तरी थर्मामीटर झटकताना आधी तेच. ही भाची तिच्या भावाची, त्याच घरात वाढलेली, आणि हे लिहिणारी तीच. घरादाराच्या नकला करायची तिला खोड आहे, आणि आत्याचं "मी बोलली होती" ती मान तिरपी करून असं वठवते की स्वयंपाकघरातून वासुदेवराव "काय झालं वं आता" म्हणून विचारतात.

शेवटी ठरलं, समोरासमोर बसू. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून रविवारी दुपारी, जेवणं उठल्यावर, कौशल्याबाईंकडं. मेघा पुण्याहून आली. अंकितला फोनवर घेतलं आणि फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला, त्यामुळं सगळी बैठकभर त्याची फक्त हनुवटी दिसत होती. ज्योत्स्ना सिंदीहून आली ती गालाला रुमाल लावून. कौशल्याबाईंनी आलुपोहे पुढं केले. तिला चावता येईना, तेव्हा त्यांना वाटलं ही रागावून बसली.

धीरजनं पहिल्यापासून मांडलं. आपण रात्री जागून केलं, ते आयतं उचलून विकून राह्यले, आपल्याच आईच्या दारासमोर. ज्योत्स्नानं ऐकून घेतलं. मग रुमाल काढून ती जपून, एका बाजूनं बोलू लागली. पंगतीत बाहेरचा माणूस येऊन बसला तर आपण त्याला उठवत नाही, असं ती म्हणाली. बोलल्याबरोबर तिलाच वाटलं की हे फार शाळेतल्या भाषणासारखं झालं.

"बसून जेवला त चालते न मॅडम," धीरज म्हणाला. "भांडी उचलून नेली त?"

"भांडी कुठं नेली? भांडी इथंच आहेत. त्यानं रांधाची रीत नेली."

"मंग रीत त नेली न."

"त्याच्यासाठीच त ठेवली होती आपण उघडी."

जगला टेकलेली हनुवटी म्हणाली की मॅडमचा मुद्दा बरोबर आहे. मेघा म्हणाली की अंकित, तू सहमत लिहिलेलं आहेस. हनुवटी म्हणाली, हो, तेही बरोबर आहे.

मग गाडी "लहान मेस" या शब्दांवर अडली. लहान म्हणजे केवढी? ज्योत्स्नानं विचारलं की मेस चालवणं हा व्यापार नाही तर काय आहे, कौशल्याबाई काय धर्मशाळा चालवतात? धीरज म्हणाला, आईची मेस घरगुती आहे. मग अनुसयाबाईंची? ती कंपनीची गिऱ्हाईक, ती व्यापारी. पण तिच्याकडं तुझ्या आईकडच्यापेक्षा कमी पोट्टी जेवतात. धीरज म्हणाला, लॉजिकली बघा, प्रश्न ताटांचा नाही, वृत्तीचा आहे. तेव्हा मेघानं, ती मुद्द्याला पक्की आहे, वृत्ती लायसनमध्ये कशी लिहिणार असं विचारलं आणि ताटांची मर्यादा घालायला लावली. धीरजनं आईकडं बघून, तिच्या पोट्ट्यांहून जरा वर, असा आकडा धरला. जागच्या जागी, पोह्यांच्या बशीवर, माप घेऊन कपडा बेतावा तसा लायसन बेतला गेला.

ज्योत्स्नाला खरा चटका बसला तो कौशल्याबाईंचा. एवढा वेळ त्या ओटा पुसत होत्या. ज्योत्स्नानं त्यांच्याकडं वळून म्हटलं, "काकू, म्या तुमालेच त म्हटलं होतं, कोणाले विचाराचं काम नाई. आता लोकाईले विचारा लागन."

कौशल्याबाईंनी फडका पिळला. "मले नाई न विचारा लागणार," त्या म्हणाल्या. "तिले विचारा लागन, समोरचीले. मंग विचारो म्हना. तुमी बी कायले अडून बसता बाई? पोराचं चांगलं होऊन राह्यलं त होऊ द्या."

ज्यांच्यासाठी भांडत होती त्याच म्हणाल्या, भांडू नको. ज्योत्स्ना भिंतीकडं बघत राहिली. त्या भिंतीवर मेसचे नियम लावले होते, त्यात पहिलाच नियम पंगतीवर उद्याचं बटण दाबा असा होता, आणि तो तिच्याच हातानं लिहिलेला होता.

ती सहमत नाही म्हणून उठली. धीरज दारापर्यंत आला आणि खाली बघून म्हणाला की मग मॅडम, तुमचा भाग काढून टाकावा लागेल, दुसरा लिहून घेऊ. ती म्हणाली, घे. दुसरं काही म्हणाली नाही, दाढेनं तिला म्हणूच दिलं नाही. सिंदीला उतरेपर्यंत मात्र मनातल्या मनात तिनं धीरजला, मेघाला, हनुवटीला आणि कौशल्याबाईंना जी काय उत्तरं दिली ती सगळी बिनतोड होती, आणि त्यांतलं एकही कामाचं नव्हतं.

नवी पंगत निघाली. जुनी मुक्त पंगत मागं ज्योत्स्नाच्या हातात राहिली, कारण एकदा मुक्त म्हणून दिलेलं परत घेता येत नाही. ती पुढं वाढवायला आता ती एकटीच होती. एका दुपारी कॉलेजात पोरांचं प्रॅक्टिकल चालू असताना तिनं नवी पंगत उघडून पाहिली. बनवणाऱ्यांच्या पानावर धीरज, मेघा आणि अंकित होते. तिचा भाग काढला म्हणजे तिचं नाव काढणं ओघानंच आलं, यात कोणी खोडी केली नव्हती. हे तिला पुरतं कळत होतं. कळूनही तिनं ते पान बंद केलं, उघडलं, परत बंद केलं, आणि एका पोरानं मॅडम, प्रिंट निघत नाही म्हटलं तर त्याच्यावर असं डाफरली की त्यानं त्या दिवशी प्रिंटच काढली नाही.

कंपनीचं काय झालं? काही नाही. ती जुन्या पंगतीवरच मजेत चालत राहिली. नवा लायसन नव्या पंगतीला, आणि नवी पंगत घ्यायला तिला कोणी सांगितलं होतं? अनुसयाबाईंच्या मेसमध्ये वांग्याचे फोटो येतच राहिले. सिंदीत फ्लॅटची गोष्ट उठली ती याच दिवसांत. ज्योत्स्ना सहमत झाली नाही आणि कंपनीचं भलं झालं, ही दोन टोकं कोणीतरी जोडली आणि वर बाल्कनी बांधली. तिच्या कानावर आलं तेव्हा तिनं खुलासा करायला तोंड उघडलं, कळ आली, आणि तिनं ते मिटलं. लोकांनी म्हटलं, बघा, बोलत नाही.

नवा लायसन लागला तो वेगळ्याच ठिकाणी. कौशल्याबाईंना एका खासगी होस्टेलचं जेवण मिळालं. मोठं काम, त्या किती दिवस त्याच्या मागं होत्या. होस्टेलच्या मॅनेजरनं सगळे कागद बघितले, मेसमध्ये कोणकोणतं सॉफ्टवेअर आहे ते विचारलं, पंगतीचा लायसन उघडून वाचला आणि सांगितलं की यात तर व्यापारी वापराला मनाई आहे, आणि होस्टेलची पोरं धरली तर तुमची ताटं मर्यादेच्या कितीतरी वर जातात. हे चालणार नाही. एकतर परवानगी आणा, नाहीतर नागपूरच्या कंपनीचं घ्या, त्यांचे कागद साफ आहेत.

धीरजला वाटलं, एका ओळीचं काम आहे, आईला सूट देऊन टाकू. पण नव्या लायसनलाही रीत जुनीच होती, सूट द्यायची तर बाकीच्यांनीही सहमत म्हणायला हवं. अंकित सहमत म्हणाला. मेघानं नकार दिला. तिनं मुद्देसूद लिहिलं की उद्या प्रत्येकाच्या आईला सूट द्यायची तर लायसन बदललाच कशाला, आणि मर्यादा तूच ठरवली होतीस. धीरजनं तिला फोन केला, दोघं कडकडून भांडली. मधल्या मधे कौशल्याबाई विचारत राहिल्या की अरे, पण वस्तू तर आपलीच आहे न, मग आपल्यालेच काऊन विचारा लागते?

तान्ह्या पोळ्याच्या हप्त्यात धीरजचा फोन आला की मॅडम, घरी येतो. ज्योत्स्नानं ये म्हटलं आणि फोन ठेवला. झालेलं सगळं तिला अंकितच्या कोंबड्यासकट आधीच कळलं होतं. तिची भाची तेव्हा समोरच बसली होती. असा मोका आयुष्यात एकदाच येतो. तिनं मान तिरपी करून भिंतीला सांगितलं, "मी बोलली होती," आणि वर पैज लावली की आज धीरज चहा संपवायच्या आत आत्या हे वाक्य त्याच्या तोंडावर म्हणणार. आत्या म्हणाली, नाही म्हणणार. भाची म्हणाली, लावतेस? आत्यानं लावली.

धीरज आला तो बर्फीचा डबा घेऊन. वासुदेवरावांच्या पाया पडला. वासुदेवरावांनी त्याला बसवलं आणि पंगतीचं भांडण मिटलं का विचारलं, जसं कोणी बांधाचं भांडण विचारावं. मग ते दुकानात गेले. ज्योत्स्ना चहा घेऊन आली आणि समोर बसली. धीरज कपात बघून बोलू लागला. एकदाही लॉजिकली म्हणाला नाही. आईचं काम जाईल, मेघा ऐकत नाही, कंपनीचं घेतलं तर आईला गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. त्यानं सगळं सांगितलं आणि मग जे सांगायला आला होता ते सांगितलं.

"मॅडम, जुनी पंगत आईकडं परत लावू का? तुमची परवानगी असन त."

ज्योत्स्ना भिंतीकडं वळली. भाची दारातून बघत होती. जिथून ते वाक्य नेहमी निघतं तिथवर ज्योत्स्नाची मान तंतोतंत पोचली होती, जीभ दाढेच्या बाजूला गेली होती, आणि चहा अर्धा कप बाकी होता.

"परवानगी कायले मागतो?" ती म्हणाली. "कोणाले विचाराचं कामच नाई न धीरज. तुले बी नाई."

धीरज हळूच म्हणाला, नव्या पंगतीच्या पानावर तुमचं नाव परत टाकतो. ती म्हणाली, नको, तिच्यात माझं काही नाही, खोटं नाव कशाला. जुनीत तुझं अजून आहे, ते मी काढलं नाही. त्यानं विचारलं, मग मॅडम, आपण दोन्ही परत एक करू या का, तुमचा तो पळवाट बुजवणारा लायसन लावून? ती म्हणाली, मेघाला विचार, अंकितला विचार, सगळ्यांनी सहमत म्हटलं तर कर. दोघांनाही ठाऊक होतं की मेघा आता सहमत म्हणणार नाही. धीरजनं चहा संपवला. दाराशी चपला घालताना तो म्हणाला की चतुर्थीला नवी पंगत फार चुकते, चंद्र निघाल्यावर पोट्टी येतात आणि पोळ्या कमी पडतात. ज्योत्स्ना डबा उघडून त्यालाच एक बर्फी देऊन येजो म्हणाली.

आज पंगती तीन आहेत. कौशल्याबाईंकडं जुनी, पुण्याकडं कुठंकुठं नवी, आणि अनुसयाबाईंकडं कंपनीची. तिन्हींतलं काहीही बिघडलं तरी मेसवाल्या ज्योत्स्नालाच फोन करतात, आणि ही आपली पंगत नाही हे समजावण्यात घरातली रविवारची दुपार जाते. फ्लॅटची गोष्टही गेलेली नाही. धीरज बर्फी घेऊन आला होता तो वास्तुशांतीसाठी, असं चक्कीवर ठरलं आहे.

धीरज गेल्यावर भाचीनं हरकत घेतली. म्हणाली, पैज धरायची नाही, तुझी दाढ दुखत होती म्हणून तू बोलली नाहीस. आत्यानं तोंड उघडून दाखवलं. जागा रिकामी होती. दाढ तिनं मागच्या हप्त्यातच नागपूरला काढून टाकली होती आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

पैज अशी होती की जो हरेल त्यानं रविवारचे मेसवाल्यांचे फोन घ्यायचे. कौशल्याबाईंचा पहिला फोन भाचीनं आत्याच्या आवाजात घेतला आणि तो बेमालूम वठला होता. आत्यानं फोन हातातून काढून घेतला, आणि तेव्हापासून अट आहे की फोन भाचीनंच घ्यायचे, पण स्वतःच्या आवाजात.